पिकप वाढवून द्या की, मिस्तरी

नवं कटर घेतलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. एका हातात मशीन आणि दुसऱ्या बगलेत रिकामं खोकं. खोकं घरी ठेवून यायला त्याचा जीव होत नाही. काउंटरवर मशीन अलगद ठेवतो, मागंपुढं कुणी ऐकत नाही ना ते बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मिस्तरी, हिचा पिकप वाढवून मिळंल का?"

अरे बाबा, अजून पहिली टाकी जळायचीय. पिस्टन आणि रिंगा एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. नवी सून घरात पाऊल टाकते न टाकते तोच तिच्या भाकरीला नावं ठेवावीत, त्यातला प्रकार. गिऱ्हाइकाला असं तोंडावर बोलून चालत नाही म्हणतात. मी बोलतो.

मानवतला धान्य-कापसाच्या मोंढ्याच्या मागच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. फवारणीचे पंप, पाणी उपसायची लहान इंजिनं, गवत कापायच्या मशिनी आणि लाकूड कापायची कटरं, एवढा माझा संसार. तुम्ही शहरातली माणसं कटरला चेनसॉ म्हणता. आमच्याकडं चेनसॉ म्हणणारा माणूस हटकून कंपनीचा सेल्समन असतो. आता गुडघे कुरकुरतात म्हणून मी अर्धा दिवसच शटर उघडतो, पण दिवाळीच्या सुमारास झाडं छाटायची कामं निघतात आणि हे पिकपवाले दारात येऊन उभे राहतात.

हे इंजिनाचं काम मी परभणीला एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो. तेव्हा रस्त्यावर टू-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळायचं आणि मागून निळा धूर निघायचा. तो वास मला अजून लय आवडतो. बायको म्हणते, तुम्ही असे देवघरात येऊ नका, देवाला वाटंल पंप फुटला. त्या काळात कॉलेजची पोरं सायलेन्सर मोकळा करून घ्यायला यायची. मी आतली जाळी काढायचो, कार्बोरेटरचा स्क्रू जरा फिरवायचो आणि गाडी उंडारलेल्या गोऱ्ह्यासारखी पळायची. उस्ताद चष्म्याच्या वरून बघायचे. एकदा म्हणाले, "ताकत उधार नै मिलती बेटा. कहीं से काट के लानी पड़ती." मी हो हो म्हणालो. तरण्या वयात म्हाताऱ्या माणसाचं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडायचं असतं, तसं सोडलं.

गाड्या बदलल्या, टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेल्या. मला वाटलं, आपला धंदा बसला. पण तेच इंजिन फवाऱ्यात आलं, कटरमध्ये आलं. जुना मित्र नवं नाव घेऊन भेटावा तसं मला झालं. खरं सांगतो, पहिलं कटर उघडलं तेव्हा मुठीएवढा पिस्टन हातात घेऊन मी नुसता बसून राहिलो होतो.

आता पिकपचं खरं सांगतो. 'मशीनला जोर नाही' म्हणून जे येतात, त्यातल्या बहुतेकांचं इंजिन ठणठणीत असतं. साखळीला धार नसते. साखळीचे दात बोथट झाले की कटर लाकूड कापत नाही, घासतं. मग माणूस वरून दाबतो, धूर काढतो आणि कंपनीला शिव्या घालतो. कापताना भुसा पडायला लागला की समजायचं धार गेली. धार असली की पोह्यासारखे छिलके उडतात. ताडकळसचे एक गुरुजी आले होते. त्यांचं कटर बाभळीचं खोड सरळ कापायचंच नाही, चंद्रकोरीसारखं एका अंगाला वळत जायचं. त्यांनी दोन ठिकाणी दाखवलं होतं आणि दोन्हीकडच्या मिस्तऱ्यांनी इंजिन खोलून पुन्हा बांधायला सांगितलं होतं. मी विचारलं, "गुरुजी, कानस उजव्या हातानं मारता?" म्हणाले, "अर्थात." उजव्या हातानं एका बाजूचे दात नीट घासले जात होते आणि दुसऱ्या बाजूचे नुसते कुरवाळले जात होते. मी डाव्या बाजूला प्रत्येक दाताला तीन-तीन हात मारले. खोड सरळ कापलं. गुरुजी म्हणाले, "एवढंच?" एवढंच. आमच्या धंद्यात बऱ्याचदा एवढंच असतं, पण गिऱ्हाइकाला ते पटत नाही, कारण त्याला काहीतरी उघडलेलं बघायचं असतं.

मलाही उघडायची खाज होती, ते कबूल करतो. आणि त्याच खाजेची गोष्ट सांगायला हा लेख लिहायला घेतलाय.

मानवतपासून जवळच्या एका खेड्यात दत्तू आणि गंगाबाई राहतात. नवरा-बायको मिळून झाडं तोडायची कामं घेतात. बांधावरची वाळलेली झाडं, घरावर झुकलेली झाडं, अशी अवघड कामं. दत्तू कापायचा आणि गंगाबाई दोर धरायची. शेंड्याला बांधलेला दोर लांब उभं राहून ताणायचा, म्हणजे झाड हवं तिकडं पडतं. पण दोर धरणं हे तिचं अर्धंच काम. खरं काम होतं कान लावायचं.

तिच्या वडलांनी कुऱ्हाडीच्या काळात तिला ते शिकवलं होतं. खोड निम्म्याच्या वर कापून झालं की सगळ्यांनी थांबायचं. गंगाबाई जवळ जायची, खोडावर तळहात ठेवायची आणि कान टेकवायची. आत धागे तुटायला लागलेले असतात, टिक, टिक असा बारीक आवाज येतो. तो कुठल्या अंगाला दाट आहे, आत पोकळ आहे का, झाड सरळ जाईल का फिरेल, हे ती सांगायची. मग दोर धरायला परत जायची. एका झाडाला दोनदा, तीनदा असं थांबावं लागायचं. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. माझ्यासारख्या माणसाला, ज्याचं आयुष्य इंजिनाचा आवाज ऐकण्यात गेलं, त्या बाईचा फार हेवा वाटला.

आठ वर्षांमागं त्यांनी नवं कटर घेतलं. दत्तू खोकं बगलेत घेऊनच आला. एका मळ्यात जुन्या चिंचांचं मोठं काम मिळालं होतं आणि चिंचेचं लाकूड म्हणजे दगड. गंगाबाई बरोबर होती. ती म्हणाली, "भाऊ, चांगली करून द्या. तुमच्या हातची म्हंजे काळजी न्हाई."

बस्स, एवढं बास झालं मला. मशीन एक टाकीसुद्धा चाललेली नव्हती. आधी आठ-दहा टाक्या जळू द्याव्यात, इंजिन मोकळं होऊ द्यावं, मग ठरवावं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला मी हेच सांगितलं असतं. पण त्या दिवशी मला कारागिरी दाखवायची होती. मी सायलेन्सर उघडला, धूर बाहेर जायचं भोक मोठं केलं. सिलेंडरच्या बुडाचं पॅकिंग काढून टाकलं, म्हणजे सिलेंडर केसभर खाली बसतो आणि पेट्रोल जास्त दाबलं जातं. आतल्या वाटा कानसीनं घासून रुंद केल्या. तीन दिवस मी त्या मशीनपुढून उठलो नाही. पौषातली थंडी होती. सकाळी दुकानापुढं बाभळीचं खोड टाकलं आणि मशीन लावली. लोण्यात सुरी जाते तशी आत गेली. शेजारचा पानवाला कानात बोटं घालून हसायला लागला. दत्तूच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला उस्तादांची आठवण झाली. वाटलं, आज ते असायला पाहिजे होते.

चैत्रात दत्तू एकटाच आला. ऊन डोक्यावर तापलेलं. म्हणाला, "मिस्तरी, चालती तर वाघावानी. पन गरम झाल्यावर बंद केली की चालूच होईना. दोरी वढली की हाताला झटका देतीय. मनगट सुजलंय बगा."

मला तिथंच कळायला हवं होतं. मशीन मी थंडीत जमवलेली. दाब वाढवला की आधीच चालू करायची दोरी जड होते, त्यात आमच्याकडचा उन्हाळा. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळतं. अशी मशीन बंद केली की अर्धा तास हात लावू देत नाही. पॅकिंग परत बसवायला हवं होतं, म्हणजे माझं तीन दिवसांचं काम मीच पुसायला हवं होतं. दुकानात पंपांची रांग लागलेली आणि मला माझ्या कामात खोट काढलेली आवडत नाही, हा माझा स्वभाव.

मी मान वर न करता म्हणालो, "मग बंद करूच नको ना. स्लोवर चालू ठेवत जा."

दत्तू म्हणाला, "पन ती कान लावती..."

मी म्हणालो, "अरे, मशीन आली आता. कुऱ्हाडीचे दिवस गेले."

तो गेला. पुढच्या पंधरवड्यात चिंच पडली ती गंगाबाईच्या अंगावर. मशीन खोडाशेजारी फडफडत चालू होती आणि उघड्या सायलेन्सरच्या आवाजात तिला काहीच ऐकू आलं नाही. तिनं तसं सांगितलं, पण तरी दत्तूनं काम पुढं रेटलं. खोड आतून पोकळ होतं. झाड वेळेआधी सुटलं, सुटताना फिरलं आणि ती दोर टाकून पळेपर्यंत एका जाड फांदीनं तिला मांडीवर गाठलं. हाड तुटलं. परभणीला नेऊन रॉड टाकला.

मी भेटायला गेलो होतो. मोसंबी घेऊन गेलो, खाटेशेजारी बसलो आणि मोसंबी सोलून दिली. माझं तोंड उघडलं नाही. दत्तू खाली मान घालून उभा होता. गंगाबाई त्याला माझ्यादेखत बोलली, "ह्येन्ला दोरी वढायचा कंटाळा. किती येळा म्हनलं, बंद करा, बंद करा. आळसापायी माजा पाय घालवला." मी दत्तूकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी उठलो आणि बस पकडून घरी आलो.

दत्तूनं ती मशीन विकून टाकली आणि मोंढ्यात हमाली धरली. कापसाचं पोतं पाठीवर घेऊन तो माझ्या दुकानावरून जायचा. मी 'चहा घे' म्हणायचो. तो 'नगं मिस्तरी' म्हणायचा. कधी कधी घ्यायचा. त्या गोष्टीचा शब्द दोघांनीही काढला नाही.

मी एक केलं. ती मशीन कुणी घेतली याचा पत्ता काढला. चारठाण्याचा एक गडी होता. त्याला निरोप धाडला, तुझी मशीन फुकट तपासून देतो, घेऊन ये. आला. मी पॅकिंग परत बसवलं आणि सायलेन्सर नवा टाकला. मशीन पुन्हा साधी झाली, गरम असतानाही एका हिसक्यात चालू व्हायला लागली. त्या गड्यानं चारठाणाभर सांगितलं की मानवतच्या मिस्तरीनं चांगल्या मशीनचा पिकप घालवला. माझी तिकडची गिऱ्हाइकं कायमची तुटली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट थोडं हलकं वाटलं, पण ते चुकीच्या माणसाचे बोल खाऊन हलकं होणं होतं.

तेव्हापासून मी कुणाच्याही नव्या मशीनचा पिकप वाढवून देत नाही. धार लावून देतो आणि हाकलतो.

यंदा दसरा झाल्यावर एका सकाळी दारात रिक्षा थांबली. आधी दत्तू उतरला, हातात नवं कटर आणि बगलेत खोकं. मागून गंगाबाई उतरली. पाय ओढत चालते, पण काठी नव्हती. मी स्टूल पुढं केलं.

"भाऊ," ती बसता बसता म्हणाली, "ह्येन्ची पाठ गेली आता पोत्यानं. पुन्यांदा झाडाचं काम धरावं म्हनते. वाळलेले कडूलिंब लय झालेत बांधाला. मी बसून दोर धरीन, लांबून."

"चांगलं केलंत वैनी," मी म्हणालो.

"मग ही मागल्यावानी करून द्या. ती लय भारी चालायची."

माझा हात मशीनवर होता, तो तिथंच राहिला. दत्तू रस्त्याकडं बघायला लागला. मला तेव्हा कळलं की तिला अजून काहीच माहीत नाही. आठ वर्षं झाली तरी त्यानं सांगितलेलं नाही.

मी नेहमीची पळवाट धरली. "वैनी, मशीन नवी आहे. आधी दहा टाक्या जळू द्या, मग बघू."

"मागल्या येळंला तर कोरीच उघडली व्हती की."

"आता कंपनीचे नियम कडक झालेत. उघडली की गॅरंटी जाते."

"गॅरंटी काय करायची? तुमी हायेत की."

आणखी दहा सबबी मला आल्या असत्या. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला गुंडाळायची विद्या चांगली आत्मसात केलीय मी. पण ती समोर स्टुलावर बसली होती, दुखरा पाय सरळ लांब करून, आणि माझ्यावर भरवसा ठेवून त्याच खड्ड्यात पुन्हा उतरायला निघाली होती. मी मशीन बाजूला सरकवली.

"वैनी, त्या मशीनचा पिकप मी वाढवला म्हणून ती गरम झाल्यावर चालू होत नव्हती. दोष माझ्या कामात होता. दत्तू माझ्याकडं आला होता सांगायला. दुरुस्त करायचं सोडून मी त्याला म्हणालो, बंदच करू नको. तुम्ही कान लावता हेही त्यानं सांगितलं होतं. मी उडवून लावलं."

बाहेर मोंढ्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज तेवढा येत होता.

गंगाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. "खरं हाय का?"

दत्तू म्हणाला, "कापायला तर मीच व्हतो."

"मी काय इचारलं?"

"खरं हाय."

"मंग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगून काय पाय नीट व्हनार व्हता? आन् हे दवाखान्यात आलते तवा ह्येन्चं तोंड बगितलं म्या. म्हनलं, ह्येन्ला पुरं झालंय."

मला तिथं उभं राहवेना. मी उगाच कानस हातात घेतली, पुसली, ठेवली. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला या वयात जमत नाही.

गंगाबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग मला म्हणाली, "भाऊ, आठ वरसं म्या ह्या मानसाला बोल लावला. जेवताना लावला, पावन्यारावळ्यात लावला, लेकीच्या सासरी लावला. त्यातला निम्मा तुमचा व्हता. आता त्यो माघारी कसा घ्यावा?"

उत्तर दत्तूनं दिलं. म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. सवय झालीय."

ती आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. आम्ही दोघं पुरुष भिंतीवरच्या स्पॅनरांकडं बघत राहिलो.

डोळे पुसून झाल्यावर तिनं फर्मान काढलं. मशीन पेटवा, तापवा. मी तिच्यासमोर खोडाचे चार-पाच गोल काप काढले, मशीन चटका बसेल इतकी तापवली आणि बंद केली. "द्या हिकडं," म्हणाली. बसल्या जागी मशीन पायाखाली दाबली, दोरी ओढली, आणि ती चालू झाली. पुन्हा बंद केली, पुन्हा ओढली. असं तिनं सहा-सात वेळा केलं. मग दत्तूला ओढायला लावलं. समाधान झाल्यावर म्हणाली, "अशीच ऱ्हाऊ द्या. हात लावू नका तिला." मी फक्त साखळीला धार लावून दिली.

निघताना रिक्षात एक पाय ठेवून ती वळली. "दर बाजाराला येत असते मी मानवतला. तुमच्या वाट्याचा निम्मा तुमाला थोडा थोडा देत जाईन."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण ती खरंच येते. भाजीची पिशवी दारात ठेवते, स्टुलावर बसते, चहा मागते आणि सुरू होते. शहाणे म्हनवून घेता, कारागीर म्हनवून घेता, बाईमानसाचा कान म्हंजे काय तुमाला खेळ वाटला व्हय. गिऱ्हाईक असलं तरी थांबत नाही. एक-दोघांनी मला विचारलं, ही बाई कोण, तुम्हाला एवढं कशी बोलते? मी सांगितलं, घरची आहे.

परवाच्या बाजाराला ती आली नाही. मी चहा दोनदा सांगितला आणि दोनदा निववला. शेवटी तिच्या गावचा एक माणूस रस्त्यानं जाताना दिसला, त्याला थांबवून विचारलं. म्हणाला, दत्तू आणि गंगाबाई लिंबाच्या कामावर गेलेत, सकाळपासून दोन झाडं पडली. मला बरं वाटलं. तरी दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.